पाण्यात नाव घ्यायचं नाही

लोणारचं सरोवर पाहायला लांबलांबून लोक येतात, काठावर उभे राहून फोटो काढतात. आमच्या जिल्ह्यातल्या साध्या विहिरीत मात्र काही पडल्याशिवाय कोणी डोकावत नाही. पडलं की सगळं गाव डोकावतं, आणि थोड्या वेळानं कोणीतरी म्हणतं, "देऊळघाटच्या उत्तमले फोन लावा." तो उत्तम म्हणजे मी. वय त्रेपन्न, धंदा बुडी मारण्याचा. पेपरवाले मला गोताखोर म्हणतात, गावात पाणबुड्या म्हणतात. माझी मुलगी सुजाता शाळेत असताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात बिनदिक्कत 'शेती' लिहून यायची. खरं लिहिलं तर बाई हसतात, असं तिचं म्हणणं.

ज्यांच्या घरी नळाला पाणी येतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतातली विहीर पन्नास-साठ फूट खोल असते. पावसाळा संपला की तिच्यात तीस-चाळीस फूट पाणी असतं आणि त्या पाण्यात मोटार सोडलेली असते. मोटारीचा दोर कुजतो, पाइप निसटतो, आणि ती बुडाशी गाळात जाऊन बसते. वरून लोखंडी गळ टाकला तर बादली निघते, मोटार निघत नाही. खाली जाऊन तिच्या कडीत कोणीतरी दोर बांधावा लागतो. तो कोणीतरी मी. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. छातीत मावेल तेवढी हवा घ्यायची, हातात दगड धरून खाली जायचं, अंधारात चाचपत गाठ मारायची आणि वर यायचं. उतरण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. एक, मेन बंद करून फ्यूज काढायचा आणि आपल्या भरवशाच्या माणसाच्या खिशात ठेवायचा, कारण "पाहू बरं चालू होते का" म्हणून बटन दाबणारा शहाणा प्रत्येक गावात एक असतोच. दोन, जुनी पडकी विहीर असेल तर आधी कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर आपण उतरायचं नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एका म्हाताऱ्या आजींनी मला मोटारीसाठी नाही, तांब्याच्या गुंडीसाठी बोलावलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाणी भरताना त्यांच्या हातून गुंडी विहिरीत पडली आणि सासूनं मरेपर्यंत त्यावरून ऐकवलं. सासू जाऊन पंचवीस वर्षं झालेली. मी म्हटलं, "आजी, आता काय करता गुंडी?" म्हणाल्या, "तू काढ तर खरी." चौथ्या बुडीला गाळात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा काठ लागला. आजींनी ती चिंचेनं घासली, घरात नेली, सासूच्या फोटोपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. आता गप बसा." माझ्या धंद्यातलं इतकं समाधानी गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

पोलीस बोलावतात त्या कामाबद्दल मी लिहिणार नाही. ती माणसं कोणाची तरी होती.

धंदा मी दौलत उस्तादांकडून शिकलो. बुटका, काळा, हसरा माणूस. आवाज मात्र असा की काठावरून बोलला तर तळाशी ऐकू जावं. "विहिरी येगयेगळ्या, पाणी खालून एकच," असं ते म्हणायचे. आपल्याला एका विहिरीची भीती वाटली की सगळ्यांची वाटते, असा त्याचा अर्थ मी तेव्हा घेतला होता. उस्तादांचे नियम दोनच. पहिला भाता. उतरण्याआधी लोहाराच्या भात्यासारखे वीस-पंचवीस श्वास जोरात घ्यायचे आणि सोडायचे. डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या की समजायचं, हवा भरली.

दुसरा नियम, पाण्यात उतरलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. विहिरीत साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, राहतात. त्यांनी नाव ऐकलं की त्या त्याच नावानं हाक मारतात आणि माणूस ओढीनं खाली जातो. म्हणून पाण्यात उतरला की माणूस 'पाहुणा'. "पाहुणा खाली गेला", "पाहुण्याले दोर द्या". पाहुणा कितीही रमला तरी घरी परततोच, ही त्यामागची समजूत. आणि हे वर आल्यावरही संपत नाही. अंग वाळेपर्यंत तो पाहुणाच.

आम्ही बौद्ध. घरात आसरा, नवस, उतारा यातलं काही नाही. बावीस प्रतिज्ञा मला झोपेतून उठवलं तरी पाठ. पण विहिरीच्या काठावर माझीही जीभ टाळ्याला चिकटायची. धंद्याची रीत आहे, पाळायला काय जातं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे न पाळून पाहायची हिंमत नव्हती.

मी तेवीस वर्षांचा असताना उस्ताद गेले. बुलढाण्याच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात मोटार काढायचं काम होतं. मी काठावर दोर धरून बसलो होतो. तिसऱ्या बुडीनंतर ते वर आले, श्वास घेतला, माझ्याकडे पाहून हसले, हात वर केला. मी दोराचा गुंता सोडवायला नजर वळवली, परत पाहिलं तर ते खाली गेले होते. मला वाटलं, चौथी बुडी मारली. काम झालं की ते दोराला झटका द्यायचे, मी त्याची वाट पाहत बसलो. झटका आला नाही. लोक कुजबुजायला लागले तेव्हा मी दोर ओढला. त्यांच्या कमरेला तो बांधलेला होता, म्हणून ते लगेच वर आले. अंग गरम होतं. लोकांनी त्यांना पालथं घातलं, पोट दाबलं. पाणी म्हणावं असं निघालंच नाही. मी त्यांच्या उशाशी बसून "पाहुणे, ओ पाहुणे" करत राहिलो. अंग ओलं होतं ना. नाव कोणीच घेतलं नाही.

गावानं निकाल दिला, आसरांनी एकदा वर दाखवला आणि परत नेला. उस्तादांचा मुलगा गजानन तेव्हा सात वर्षांचा होता. अठराव्या वर्षी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "काका, मले बुडी शिकवा." त्याची आई मागे उभी होती, डोळे पुसत, पण नाही म्हणत नव्हती. मी त्याला शिकवलं. भाताही मीच शिकवला, पाहुणाही मीच शिकवला. गजू माझ्यापेक्षा चांगला निघाला. चाळीस फुटांवर तो घरच्या ओसरीत बसल्यासारखा काम करायचा. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

आता ज्यानं सगळं बदललं त्या गिऱ्हाइकाकडे येतो. खामगावकडचा एक नवरदेव. लग्नाआधी फोटो काढायची नवी पद्धत आहे. हा आणि होणारी बायको विहिरीच्या काठावर हातात हात घालून उभे, आणि तिसऱ्या हातात, म्हणजे कुठला ते त्यालाच ठाऊक, मोबाइल. तो पडला पाण्यात. महागाचा मोबाइल, पाण्यानं न बिघडणारा. मी खाली गेलो तर काय, बुडाशी उजेड! मोबाइलची बत्ती चालू होती आणि त्याचं शूटिंगही चालू होतं. तीस वर्षांत विहिरीचा तळ मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. मोबाइल हातात घेऊन वर आलो, नवरदेव खूश, मी खूश. संध्याकाळी त्यानं ते शूटिंग मला पाठवलं, खाली लिहिलं, "काका, तुम्ही हिरो."

मी कौतुकानं सुजाताला दाखवलं. ती आता खामगावच्या दवाखान्यात नर्स आहे आणि बापाच्या धंद्याबद्दल उघडपणे सांगते. तिनं पाहिलं, मागे घेतलं, परत पाहिलं. हसली नाही.

"बाबा, इथी तुम्ही वर आले. बरोबर?"

"हाव."

"आन् हे पाहा. मान लटकून राह्यली. डोळे फिरले. सात-आठ सेकंद तुम्ही कोठी होते?"

मी पाहिलं. मोबाइल माझ्याच हातात, त्याचं तोंड माझ्याकडे. त्यात एक माणूस पाण्यावर येतो, त्याचे ओठ जांभळे, मान डुगडुगते, डोळे पांढरे होतात. मग तो एकदम श्वास घेतो आणि हसतो. त्या सात-आठ सेकंदांची मला आठवणच नव्हती. माझ्या लेखी मी वर आलो आणि हसलो, एवढंच घडलं होतं.

"यापुढं विहीर बंद," सुजाता म्हणाली.

"खायचं काय?"

"मी कमावते. पण तुम्ही काही घरी बसणार नाही, हे मले ठाऊक हाये. मंग शिकून या."

तिनंच शोधून काढलं. कोकणच्या किनाऱ्यावर एका गावात श्वास रोखून खोल जायचं शिकवतात. फ्रीडायव्हिंग म्हणतात त्याला. चार दिवसांचं शिक्षण. मला हसू आलं. तीस वर्षं बुडी मारणाऱ्याला बुडी शिकवणार! पण पोरीनं फॉर्म भरून टाकला होता, आणि समुद्र मी पाहिलेला नव्हता. दोन एस्ट्या बदलत, भाकरी-ठेच्याच्या शिदोरीवर मी पोचलो.

शिकवणारी श्रावणी, वय सव्वीस. बाकीचे विद्यार्थी शहरातले, लांबच लांब वल्ह्यांसारखे पंख पायात घातलेले. मी आपला हाफपँटवर. पहिल्याच दिवशी समुद्रानं माझी इज्जत काढली. मी बुडेनाच! खारं पाणी माणसाला वर ढकलतं हे पुस्तकात वाचलं होतं, अंगावर आलं तेव्हा कळलं. शेवटी श्रावणीनं माझ्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला. शहरातली पोरं तोंड फिरवून हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

मग श्वास रोखायची पाळी आली. मी मनात म्हटलं, आता पाहा. उथळ पाण्यात उभा राहिलो आणि झाला माझा भाता सुरू. दहा श्वास झाले नसतील तोच श्रावणी धावत आली आणि माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला थांबवलं.

"काका, हे काय करताय?"

"हवा भरतोय."

"किती वर्षं करताय असं?"

"तीस."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काका, तुम्ही जिवंत कसे?"

मला राग आला. मुलीच्या वयाची पोर, माझ्या उस्तादांच्या विद्येला नावं ठेवते. पण तिनं वाळूत बसवून समजावलं, तेही न चिडता. आपल्याला श्वास घ्यायची जी घाई होते ती चांगली हवा संपली म्हणून होत नाही, आतली वापरलेली हवा साठली म्हणून होते. भाता मारला की ती वापरलेली हवा निघून जाते. चांगली हवा मात्र होती तेवढीच राहते. म्हणजे मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल तेवढंच, फक्त काट्याची तार तुम्ही तोडून टाकली. काटा भरलेलं दाखवतो आणि गाडी चालता चालता बंद पडते. छातीत तडफड नाही, इशारा नाही, काही नाही.

"आणि हे खोल तळाशी क्वचितच होतं," ती म्हणाली. "बहुतेकदा वर येताना होतं, नाहीतर वर आल्यावर. माणूस वर येतो, हसतो, हात दाखवतो, आणि शुद्ध जाते. म्हणून वर आलेल्या माणसावरची नजर अर्धा मिनिट हलवायची नाही. आणि पाण्यात एकटं कधीच उतरायचं नाही. एक खाली तर दुसरा वर, पाण्यातच."

"वर येऊन? हात दाखवून?" मी विचारलं.

"हो काका. का?"

मी वाळूत बोटानं रेघा मारत राहिलो. तीस वर्षांपूर्वी एक माणूस माझ्याकडे पाहून हसला होता, आणि मी समजलो होतो की तो चौथी बुडी मारतोय.

तिसऱ्या दिवशी शुद्ध गेलेल्या माणसाला वाचवायचा सराव होता. श्रावणी स्वतः बेशुद्ध झाल्याचं सोंग करून पाण्यात लोंबकळली. कृती सोपी. हनुवटीखाली हात देऊन तोंड पाण्याबाहेर धरायचं. पाण्यातला चष्मा काढायचा, डोळ्यांवर फुंकर मारायची, गालावर थापटायचं आणि नाव घेऊन सांगायचं, श्वास घे. तरीही आला नाही तर तोंडानं श्वास द्यायचा. मी तिला अलगद धरलं, फुंकर मारली, थापटलं. नाव घ्यायची वेळ आली आणि माझं तोंडच उघडेना. ओठ हलत होते, आवाज नाही. बाकीचे पाहत होते. शेवटी जे निघालं ते हे: "पाहुणे, ओ पाहुणे..."

श्रावणीनं एक डोळा उघडला. "पाहुणे कोण?"

सगळे हसले. मीही हसायला गेलो आणि रडू लागलो. कंबरभर समुद्रात उभा राहून, सव्वीस वर्षांच्या पोरीला हातात धरून, त्रेपन्न वर्षांचा मी ढसाढसा रडलो. मग तिला सगळं सांगितलं. उस्ताद, हात, गरम अंग, पाहुणे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, कान सगळ्यात शेवटी बंद होतात असं आम्हाला शिकवलंय. माणूस गेला असं वाटतं तेव्हाही हाक पोचू शकते. म्हणून तर नाव घ्यायचं. चला, परत करू." ती पुन्हा लोंबकळली, आणि या वेळी मी "श्रावणी! श्वास घे!" असा ओरडलो की दूर जाळी ओढणारे कोळी वळून पाहायला लागले.

चौथ्या दिवशी भाता न मारता, शांत पडून राहून, पोटानं सावकाश श्वास घेत मी दोराच्या कडेनं वीस मीटर गेलो. म्हणजे साठ फुटांच्याही वर. माझ्या सगळ्या विहिरी त्यात उभ्या राहिल्या असत्या. वर आलो तर घाई नाही, मुंग्या नाहीत, मान ताठ. तिथं शिकलेल्यांत मी सगळ्यात म्हातारा होतो आणि शिकताना सर्वांत जास्त घाबरलेलोही मीच. प्रमाणपत्र मी एस्टीत मांडीवर धरून आणलं, घडी पडू नये म्हणून.

गावी आल्यावर पहिलं काम गजूचं. तो मोटार वाइंडिंगच्या त्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मी त्याला श्रावणीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. काट्याची तारसुद्धा.

तो हसला. "काका, चार दिवस समुद्रावर जाऊन आले आन् आता मले श्वास घ्याले शिकवता का?"

"भाता सोड गजू. आन् एकटा उतरू नको. दुसरा माणूस पाण्यात पाह्यजे, काठावर नाई."

"भाता माह्या बापाचा हाये."

"त्याच्यानंच गेला तो," मी बोलून गेलो.

त्यानं तार खाली ठेवली. "म्हंजे माह्या बापाले आसरांनी नाई नेलं. सोताच्या चुकीनं मेला तो. हेच म्हणायचं ना तुमाले?"

तेव्हाच मी सांगायला हवं होतं की चूक एकट्या त्याची नव्हती. तो वर आला तेव्हा मी नजर हटवली, अंग गरम असताना मी हाक मारली नाही. पण ते न सांगताच मी उठून आलो. गजूनं माझ्याशी बोलणं टाकलं. तो एकटाच कामं घ्यायला लागला आणि मी रोज सकाळी, आज त्याची विहीर कुठली, एवढंच लोकांना विचारत राहिलो. त्याच्या हातात भाता मीच दिला होता. त्यानं तो सोडण्याआधी भात्यानंच त्याला नेलं तर काय, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

दिवाळी झाली. वानखडे नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीत दोन मोटारी एकमेकींत अडकून बसल्या. काम दोघांचं होतं, म्हणून वानखड्यांनी दोघांनाही बोलावलं, पण एकाला दुसऱ्याबद्दल सांगितलं नाही. हा माणूस पुढे निवडणुकीला उभा राहिला तर मी मत देईन. गजूनं मला पाहून तोंड फिरवलं.

"बुडी मीच मारीन," तो वानखड्यांना म्हणाला.

"मार," मी म्हटलं. "मी पाण्यात थांबतो."

"कायले?"

"थंडगार वाटते म्हणून."

मी शिडीनं उतरलो, चष्मा लावला आणि पाण्यावर पडून राहिलो. गजूनं माझ्या डोळ्यांदेखत पंचवीस श्वासांचा भाता मारला, मुद्दाम जोरात. उस्ताद दोर कमरेला बांधायचे. गजू तो पायात अडकतो म्हणून हातातच न्यायचा. पहिली बुडी, दुसरी बुडी. पाणी नितळ होतं, दहा-बारा फुटांपर्यंत तो दिसायचा, मग अंधार. मी मनात सेकंद मोजत होतो. तिसऱ्या बुडीला त्यानं दोन्ही मोटारींना दोर बांधला. वर आला, माझ्याकडे पाहून जिंकल्यासारखा हसला आणि काठाकडे हात वर केला. "ओढा!"

वर दहा-बारा माणसं दोराला लागली. "आली, आली!" सगळ्यांचे डोळे दोरावर. मी एकट्यानं गजूवरची नजर हटवली नाही. एक, दोन, तीन, चार. पाचाला त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे रिकामे झाले. मग आवाज नाही, बुडबुडा नाही, तो गुपचूप पाण्याखाली गेला. वरून वानखडे ओरडले, "पाहुण्यानं परत बुडी मारली वाटते!"

मी खाली झेप घेतली. पाच-सहा फुटांवरच तो मिळाला. हनुवटी धरून वर आणला, डोकं खांद्यावर घेतलं, माझी पाठ विहिरीच्या कपारीला टेकवली. डोळ्यांवर फुंकर. गालावर थापट.

"गजानन! श्वास घे!"

विहीर केवढी घुमते ते त्या दिवशी मला कळलं. वर एकदम गलका उठला. "पाहुणे, नाव नका घेऊ! पाण्यात नाव नका घेऊ!" कोणी आसरांना हात जोडले. कोणीतरी खडा मारून मला थांबवायला पाहिलं.

"गजानन! श्वास घे, गजानन!"

ओठ जांभळे. काही नाही. त्याचं नाक चिमटीत धरलं आणि तोंडानं त्याला एक श्वास दिला, मग दुसरा. छाती वर आली, खाली गेली. तेवीस वर्षांचा उत्तम काठावर बसून पाहतोय असं मला वाटलं. मी सगळा जीव लावून ओरडलो, शाळेत हजेरी घेतात तसा, बापाच्या नावासकट.

"गजानन दौलत!"

त्यानं एकदम आत श्वास ओढला. खोकला. पुन्हा ओढला. पापण्या फडफडल्या, डोळे माझ्यावर आले. आणि तो पठ्ठा, अजून ओठ निळे असताना, चिडून म्हणाला:

"काऊन बोंबलून राह्यले काका? आयकू येते ना मले!"

मी पाण्यातच त्याला मिठी मारली. वर काठावर इतका ओरडा झाला की शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. दोर सुटून मोटारी परत बुडाशी गेल्या होत्या, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. वानखड्यांनी गजूला दवाखान्यात नेऊन तपासून आणलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि म्हणाले, ठणठणीत. मोटारी दोन दिवसांनी मी काढल्या, भाता न मारता, आणि गजू पाण्यावर पडून सेकंद मोजत होता.

आता आमच्या भागात बुडी मारणारे आठ-दहा जण आहेत. दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे येतात आणि आम्ही सराव करतो. दोघं पाण्यात, एक खाली तर एक वर, वर आल्यावर अर्धा मिनिट नजर पक्की. सगळ्यात कडक मास्तर गजू. कोणी भाता मारताना दिसला की तो त्याला सरळ पाण्याबाहेर काढतो. आणि नावं! विहिरीभोवती इतकी नावं घुमतात की आसरा तिथं राहत असतीलच तर आतापर्यंत त्यांना गावाची मतदारयादी पाठ झाली असेल. श्रावणीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसून हसून रडली.

पण त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. दवाखान्यात न्यायला वानखड्यांची गाडी येईपर्यंत गजू काठावर टॉवेल गुंडाळून बसला होता, मी शेजारी. दोघांचीही अंगं ओली. तेव्हा मी त्याला सांगितलं. "तुह्या बापाचं अंग गरम होतं गजू. तो वर येऊन हसला, आन् मी दुसरीकडं पाह्यलं. ओढून काढल्यावरबी मी त्याले पाहुणे-पाहुणे करत राह्यलो. नावानं हाक मारली नाई."

मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि परत कधी बोलणार नाही. त्यानं नाक पुसलं.

"बाप म्हणायचा ना, इहिरी येगयेगळ्या, पाणी खालून एकच?"

"हाव."

"मंग मारा ना आता हाक."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मी उठलो, कठड्याला धरून वाकलो आणि म्हटलं, "दौलत उस्ताद." आवाज फुटला माझा.

"जोरात मारा काका," गजू मागून म्हणाला. "चाळीस फूट पाणी हाये."

मी मारली. गजूनंही मारली. काठावर उभ्या असलेल्या दहा-बारा माणसांपैकी या वेळी कोणी अडवलं नाही.